फुंकररावांचा अर्धा बाजा

फुंकररावांना कोणी थंड पेय द्यायचे झाले तर ते पेल्यातून द्यायचे, नळी घालून द्यायचे नाही, हा नियम त्यांच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ होता. नियम मोडल्यावर काय होते, तेही पाठ होते. भाचीच्या लग्नात मुलाकडच्या एका हौशी बाईंनी त्यांच्या हातात नळी घातलेली बाटली ठेवली. फुंकररावांनी नळी ओठांत धरली आणि आयुष्यभराच्या सवयीने फुंकली. लालभडक सरबताचे कारंजे उडाले. ते आधी त्या बाईंच्या कपाळावर गेले, मग शेजारच्या गृहस्थांच्या टकलावर, आणि उरलेसुरले नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर. ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, टॉवेल घेऊन धावली. "काही नाही, काही नाही, आमचा भाऊ काचेच्या कारखान्यात आहे," असा खुलासाही तिने केला. मुलाकडच्यांना त्या दोन गोष्टींचा संबंध अजून लागलेला नाही.

संबंध असा होता. फुंकरराव प्रयोगशाळांना लागणारे काचसामान बनवत. गोल पोटाचे चंबू, वळणावळणाच्या नळ्या, चोचीची भांडी. काचेची नळी बर्नरच्या ज्योतीत धरायची, सतत फिरवत राहायची, ती लाल होऊन मधासारखी मऊ झाली की दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायची. फुंक किती, कशी आणि कधी थांबवायची, सगळे कसब त्यात. मिसरूड फुटायच्या वयात ते कारखान्यात लागले, तेव्हा वस्तादांनी त्यांचा कान धरून पहिला धडा दिला होता. "नळीला तोंड लावलं की श्वास बाहेर. आत ओढायचा नाही. ओढलास तर चंबूचं पोट आत जाईल आणि आगीची वाफ तुझ्या पोटात जाईल. श्वास घ्यायला नाक दिलंय ना? मग ते वापर."

वस्ताद कडक होते. एकटे राहत, लग्न कधी केले नाही, आणि चूक दिसली की बोलायच्या आधी कान उपटत. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस झोपेतसुद्धा नळी आत ओढत नसे. फुंकरराव तर त्यांचे लाडके शिष्य. वस्ताद जाऊन वर्षे लोटली, पण ओठांना नळीसारखे काहीही लागले की फुंकररावांचा कान आपोआप गरम व्हायचा आणि श्वास बाहेर पडायचा. पेन विचार करताना ओठांत धरले तरी ते फुंकत. शिट्टी, पिपाणी, फुगा यांत त्यांचा हात कोणी धरत नसे. सरबत मात्र पेल्यातून.

फुंकरराव हे नाव कारखान्यातल्या पॅकिंगवाल्या मावशींनी ठेवलेले. "राव लावलंय हो, मान राखून," असे त्या वर ऐकवत. तयार माल त्यांच्या हातून गवताच्या पेटीत जाई, आणि जाताना प्रत्येक चंबू त्या उजेडासमोर धरून बघत. फुंकररावांच्या चंबूत त्यांना कधी खोट सापडली नव्हती. याचा त्यांना थोडा रागच होता.

चाळिशी उलटून गेली तरी फुंकररावांचे लग्न झाले नव्हते. ताई आणि भावोजींच्या घरात वरच्या खोलीत ते राहत. ताईने स्थळे आणून आणून हात टेकले होते. फुंकरराव कोणालाही नाही म्हणत नसत, पण हो म्हणायची वेळ आली की त्यांना कारखान्यात तातडीचे काम निघे. "काचेत राहून राहून मेव्हणे स्वतःच काचेचे झालेत," भावोजी म्हणत. "कुणी हात लावला तर तडा जाईल."

अशा या माणसाच्या बर्नरसमोर एके दिवशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. बोटांना पितळेचा पिवळा भुगा, कानामागे बारीक कानस खोचलेली, आणि बोलण्याआधी हसणाऱ्या. त्यांचे वाद्यदुरुस्तीचे दुकान होते. वडील पडद्यामागे बसून मोठी वाद्ये सुधारत आणि या पुढे बसून छोटी. गिऱ्हाइके त्यांना सूरबाई म्हणत. लग्न एकदा झाले होते, ते मोडले होते, आणि त्या गोष्टीला इतका काळ झाला होता की आता त्या ती दुसऱ्या कोणाची असल्यासारखी सांगत.

"मला एक नळी हवीय," सूरबाई म्हणाल्या. "माउथ ऑर्गनच्या आत पितळेच्या बारीक पत्त्या असतात. एकेक पत्ती वेगळी फुंकून बघायची तर तोंड मोठं पडतं. टोकाला चपटी, मुंगीच्या तोंडाएवढी नळी होईल?"

फुंकररावांनी गडद चष्मा चढवला. काच लाल झाली, लांबली, चिमट्यात चपटी झाली. शेवटची हलकी फुंक मारताना त्यांनी सहज वर पाहिले, तर सूरबाई श्वास रोखून त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. कारखान्यात आजवर त्यांच्या ओठांकडे फक्त वस्तादांनी बघितले होते, तेही संशयाने. फुंकररावांच्या पोटात काहीतरी मऊ होऊन लांबले.

"इतकी नाजूक!" सूरबाई म्हणाल्या. मग पिशवीतून एक जुना, कडा घासलेला माउथ ऑर्गन काढून त्यांनी त्यांच्या हातात ठेवला. "हा बाजा घ्या. माझ्याकडून. जुना आहे, पण सूर सगळे शाबूत आहेत."

"मला वाजवता येत नाही."

"दिवसभर फुंकता की! अर्धं काम तर येतंच तुम्हाला," असे म्हणून त्या हसत निघून गेल्या.

त्या अर्धे म्हणाल्या होत्या, हे फुंकररावांच्या लक्षात आले नाही. त्यांना एकूण त्यानंतर बराच वेळ काही लक्षात येत नव्हते. मावशींनी दोनदा हाक मारली, मग बर्नर स्वतःच बंद केला.

संध्याकाळी वरच्या खोलीत त्यांनी बाजा ओठांना लावला आणि फुंकला. काय गोड आवाज निघाला! पुढच्या भोकात फुंकले, तोही गोड. त्याच्या पुढच्यात, तोही. त्यांना वाटले, आपण जन्मजात कलावंत आहोत आणि जगाला उगाच चंबू पुरवत बसलो. मग त्यांनी सा रे ग म वाजवायला घेतले. सा आला. त्यानंतर ग आला. मग प आला आणि लगेच वरचा सा. पुन्हा वाजवले. सा, ग, प, सा. रे, म, ध आणि नी यांचा पत्ता नव्हता.

माउथ ऑर्गन कधी हातात न घेतलेल्यांसाठी सांगायला हवे की या वाद्यात एकाच भोकात दोन सूर राहतात. श्वास बाहेर सोडला की एक वाजतो, आत घेतला की दुसरा. सा, ग, प बाहेरच्या श्वासावर. रे, म, ध, नी आतल्या. हे लहान पोरालाही पहिल्या पाच मिनिटांत आपोआप कळते, कारण कधी ना कधी श्वास घ्यावाच लागतो. फुंकरराव श्वास नाकाने घेत होते.

"राहिलेले सूर पुढच्या इयत्तेत येत असतील," अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि मिळालेल्या सुरांवर संसार मांडला. एक जुने, सगळ्यांना माहीत असलेले गाणे त्यांनी बसवले. जिथे सूर नव्हता तिथे ते तेवढा वेळ थांबत आणि मान हलवत. खाली जेवणाच्या टेबलाशी ताई आणि भावोजी ऐकत बसत.

"हे काय, गाळलेल्या जागा भरा आहे का?" भावोजी म्हणाले.

"चांगलं वाजवतोय," ताई म्हणाली. "ओळखू येतंय की."

"काय ओळखू येतंय?"

"गाणं आहे एवढं ओळखू येतंय."

मावशींचे मत अधिक सविस्तर होते. "पुढचे दात पडलेल्या माणसाने भाषण केल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण भाषण मनापासूनचं आहे."

सूरबाई दर शनिवारी संध्याकाळी दुकानावरच्या खोलीत माउथ ऑर्गनचा वर्ग घेत. फुंकरराव तिथे जाऊ लागले. वर्ग आधीच मध्यावर आला होता, त्यामुळे सुरुवातीचे धडे त्यांचे हुकले. पहिल्या बाकावर बसून ते डोळे मिटून वाजवत, आणि बाकीचे काय करतात हे त्यांना दिसत नसे. बारा-पंधरा बाजे एकदम वाजत असताना त्यांचे मौन कोणाला कळतही नसे. पण एके शनिवारी सूरबाईंनी त्यांना एकट्याला वाजवायला सांगितले, डोके कलते करून ऐकले आणि म्हणाल्या:

"फुंक फार सुंदर आहे तुमची. गोल, भरदार. अशी फुंक माझ्या वर्गात कोणाची नाही. पण..."

"पण काय बाई?"

"ओढ नाही. अजिबात ओढ नाही. आणि ओढ असल्याशिवाय या बाज्याला काही अर्थ नाही बघा."

माउथ ऑर्गन शिकवणाऱ्यांच्या बोलीत बाहेरचा श्वास म्हणजे फुंक आणि आतला म्हणजे ओढ. सूरबाईंनी हे पहिल्या धड्यात सगळ्यांना समजावले होते. फुंकररावांचा पहिला धडा बुडाला होता. फुंक म्हणजे काय हे त्यांना सांगायची गरज नव्हती, तो त्यांचा धंदाच होता. ओढ म्हणजे काय हेही त्यांना चांगले माहीत होते. त्या नळीच्या दिवसापासून दुसरे काही माहीतच नव्हते. आणि ती त्यांच्यात नाही असे या बाई म्हणत होत्या, तेही तोंडावर!

घरी आल्या आल्या त्यांनी ताईला सांगितले. ताईच्या हातातला डाव आमटीत पडला.

"ती स्वतः म्हणाली? ओढ हवी म्हणून?"

"स्वतः. सगळ्यांसमोर."

"अहो, ऐकलंत का!" ताई ओरडली. "आपल्याकडे बघून कोणीतरी ओढ हवी म्हणतंय! दाखव ना मग, वेड्या! माणसाच्या मनात असून काय उपयोग, दिसायला नको?"

"दाखवायची कशी?"

हा प्रश्न भावोजींनी हाती घेतला. स्वतःच्या लग्नाआधी त्यांनी ताईच्या घरासमोर सायकल दुरुस्त करण्याचे सोंग करून तिची खरोखरच मोडतोड केली होती, त्यामुळे या विषयातले जाणकार तेच. "मेव्हणे, आधी कपडे. मग उसासे. मग एखादी वस्तू, स्वतःच्या हातची. आणि वाजवताना डोळे मिटू नका, तिच्याकडे बघा."

फुंकररावांनी निळा सदरा घेतला. वस्तू म्हणून काचेचा हंस करायला घेतला, पण सबंध हयात चंबूत गेल्यामुळे पोट फार देखणे झाले आणि मान आखूड राहिली. ते बदक झाले. "बदकही पाण्यातच असतं," म्हणत मावशींनी ते गवतात गुंडाळून दिले. सूरबाईंना ते इतके आवडले की त्यांनी लगेच त्याच्या पाठीवरच्या खळग्यात आपल्या कानशी उभ्या केल्या. उसाशांचे मात्र अवघड गेले. उसासा टाकायला आधी श्वास भरून घ्यावा लागतो; तो नाकाने घेतला की फुरफुर आवाज येई आणि लोक विचारत, सर्दी झाली का.

पुढच्या शनिवारी त्यांनी सूरबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून, जीव ओतून वाजवले. सा, ग, प, सा.

"अजून ओढ नाही," सूरबाई हळहळल्या. "घरी जमत नाही का?"

"घरी फार आहे," फुंकरराव कसेबसे म्हणाले.

"मग इथे का येत नाही?"

"चारचौघांत... लाज वाटते."

"लाजायचं काय त्यात? इथे सगळ्यांनाच येते. पोस्टमनकाकांची ओढ बघा, या वयात!"

मागच्या बाकावरचे निवृत्त पोस्टमन खूश होऊन पुढे वाकले. "मला पहिल्याच दिवशी आली. बाई समोर बसल्या, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि एकदम आली बघा."

फुंकररावांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "काका, काकूंना ठाऊक आहे का हे?"

"म्हणजे काय! तिच्यासमोरच तर करतो रोज. ती म्हणते, जरा हळू, शेजारी ऐकतील."

फुंकरराव त्या दिवशी जिना उतरले तेव्हा जगावरचा त्यांचा विश्वास बराच उतरला होता.

त्यातच वर्गाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला. वर्गाची खोली घरमालकाला परत हवी होती, म्हणून हा कार्यक्रम झाला की वर्ग बंद व्हायचा होता. शेवटचे गाणे सूरबाई दरवर्षी एका विद्यार्थ्याबरोबर जोडीने वाजवत. यंदाचा जोडीदार अजून ठरला नव्हता. म्हणजे फुंकररावांच्या हातात जे काही होते ते या कार्यक्रमापर्यंतच. त्यानंतर शनिवारी संध्याकाळी जायला जागा नाही, आणि सूरबाईंच्या दुकानात शिरायला निमित्त नाही. एका माणसाचा बाजा किती वेळा बिघडणार?

त्यांचे खाणे कमी झाले. ताईने दोन दिवस बघितले आणि तिसऱ्या दिवशी चपला घातल्या. "कुठे निघालीस?" भावोजींनी विचारले. "सूर लावायला," असे म्हणून ती गेली.

परतली ती धुमसत.

"काय झालं?" फुंकररावांचा घास हातातच राहिला.

"मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, आमच्या भावाला तुमची फार ओढ आहे. तर म्हणते कशी, अहो, ओढच तर नाही ना त्यांना! ती असती तर शेवटच्या गाण्याला मी त्यांनाच घेतलं असतं. मी म्हटलं, बाई, चार चार वेळा सदरा बदलतो, जेवत नाही, बदक करून दिलं, आणखी कशी असते ओढ? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. आणि मग..."

"मग?"

"हसायला लागली! हसता हसता स्टुलावर बसली, डोळे पुसले, परत हसली. पडद्यामागून तिचे वडील पण हसले. माझ्या भावाच्या ओढीला हसले, दोघंही! मी उठून चालती झाले."

फुंकररावांनी घास परत ताटात ठेवला. खोलीत गेले, बाजा पुसला, पॅकिंगच्या पेटीत गवत घालून त्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर ती पेटी घेऊन ते सूरबाईंच्या दुकानाच्या पायऱ्या चढले. निळा सदरा त्यांनी मुद्दाम घातला नव्हता.

"हा तुमचा बाजा," त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. "आणि माझं बदक परत द्या."

"बदक मिळणार नाही," सूरबाई म्हणाल्या. "बसा. ओढ म्हणजे तुम्ही काय समजलात?"

फुंकरराव बदकाकडे बघत राहिले. बदकाने त्यांना काही मदत केली नाही.

मग सूरबाईंनी दुसरा बाजा उचलला. "ही फुंक," त्या म्हणाल्या आणि सा वाजवला. "आणि ही ओढ." त्यांनी श्वास आत घेतला. रे वाजला. त्याच भोकातून. "एवढंच म्हणत होते हो मी इतके दिवस."

फुंकररावांचा चेहरा ज्योतीत धरलेल्या काचेसारखा तांबडा होत गेला. निळा सदरा, उसासे, पोस्टमनकाका, पोस्टमनकाकू, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून ओळीने गेले. पळून जावे म्हणून ते उठले, पण पेटीतले गवत बाहीला अडकले तसे ते परत बसले.

"जमायचं नाही मला," ते म्हणाले, आणि वस्तादांच्या कानपिळीपासून भाचीच्या लग्नातल्या सरबतापर्यंत सगळे त्यांनी सांगून टाकले. सूरबाई मध्येच दोनदा टेबलावर डोके टेकून हसल्या. मग डोळे पुसून कामाला लागल्या.

आधी त्यांनी फुंकररावांनीच केलेली नाजूक नळी पाण्याच्या पेल्यात बुडवून पुढे केली. "ओढा." फुंकररावांनी मनाचा हिय्या करून नळी ओठांत धरली आणि पेल्यातले पाणी सूरबाईंच्या चष्म्यावर उडवले. मग त्यांनी वाळत घातलेल्या फडक्याचा चिमटा काढून फुंकररावांच्या नाकाला लावला. "आता नाक बंद. कुठून घेता बघू श्वास!" फुंकररावांनी बाजा फुंकला. फुंकत राहिले. श्वास संपला तसे डोळे मोठे झाले, कानाच्या पाळ्या जांभळ्या झाल्या, आणि शेवटी चिमटाच सुटून पडद्यामागे जाऊन पडला.

"कोण आहे?" पडद्यामागून सूरबाईंच्या वडिलांनी विचारले.

"काही नाही बाबा. दुरुस्तीला आलंय."

मग सूरबाई आपल्या जागेवर बसल्या, एक पत्ती चिमट्यात धरली आणि मान खाली घालून बारीक कानस फिरवू लागल्या. "राहू दे तो नाद. मला ही पत्ती जुळवायचीय, जरा सूर द्या. लांब सा धरा. सोडू नका."

सूर धरणे फुंकररावांना सोपे होते. त्यांनी बाजा ओठांना लावला आणि गोल, भरदार सा धरला. दुकानभर तो पसरला. सूरबाईंची कानस खसखस चालू होती. वर न बघता, पत्तीशीच बोलल्यासारख्या त्या म्हणाल्या:

"ताईंना सांगा, माझ्याकडून हो आहे."

फुंकररावांनी दचकून श्वास आत घेतला. तोंडाने. बाजा तोंडातच होता.

रे वाजला.

रे वाजून गेला तरी टेबलावरच्या पत्त्या बारीक थरथरत होत्या.

"हा बघा," सूरबाई म्हणाल्या. "आला रे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"रे म्हणाले."

"त्याच्या आधी!"

"परत तोंड लावा, मग सांगते. आता पुढचं भोक. ग धरा."

फुंकररावांनी ग धरला.

"तुमची ती नळी झाली तेव्हा मला कारखान्यातून निघावंसंच वाटत नव्हतं," सूरबाई पत्तीला म्हणाल्या. "म्हणून बाजा दिला. कोणाला असे फुकट बाजे वाटत नाही मी."

म वाजला. चांगला घसघशीत, दोन भोकांतून एकदम.

"पुढचं. प."

फुंकररावांनी प धरला. आता त्यांना चक्कर आल्यासारखे होत होते, आणि ती श्वासामुळे आली की कशामुळे हे त्यांना सांगता आले नसते.

"निळ्या सदऱ्यात तुम्ही छान दिसता. आज का नाही घातलात?"

ध. लांबलचक, आणि शेवटाला हुंदक्यासारखे हसू मिसळलेला.

"आता राहिला एक," सूरबाईंनी कानस खाली ठेवली. त्यांचेही गाल तांबडे झाले होते. "वरचा सा धरा. घट्ट धरा हं."

फुंकररावांनी धरला.

"बाबांचे कान फार तिखट आहेत. ते सुरुवातीपासून पडद्यामागे बसून सगळं ऐकतायत."

नी असा काही वाजला की बदकाच्या पाठीवरच्या कानशी किणकिणल्या.

"नी जरा उतरलाय!" पडद्यामागून आवाज आला. "बाकी सूर चांगले आहेत. जावईबापू, परत एकदा, खालून वर!"

कार्यक्रमात शेवटचे गाणे जोडीने झाले. गाळलेली जागा एकही नव्हती. फक्त आतले सूर वाजवताना फुंकरराव दर वेळी किंचित दचकल्यासारखे करत, आणि सूरबाई दर वेळी हळूच काहीतरी पुटपुटत. पहिल्या रांगेत भावोजी ताईच्या कानात म्हणाले, "वाजवताना गप्पा मारतात का गं हे?" ताई डोळे पुसत होती. तिने त्यांना कोपर मारले. मागे पोस्टमनकाकांच्या शेजारी त्यांच्या काकू बसल्या होत्या. गाणे संपल्यावर फुंकरराव खास त्यांच्याकडे गेले आणि कोणालाही कळले नाही अशा कारणासाठी त्यांनी काकांची क्षमा मागितली.

लग्न झाले. जेवणाआधी सूरबाईंनी नळी घातलेली बाटली त्यांच्या हातात दिली, तेव्हा दोन्हीकडची मंडळी भिंतीपर्यंत मागे सरकली. भाचीचा नवरा तर दारातच जाऊन उभा राहिला. फुंकररावांनी नळी ओठांत धरली, बायकोकडे पाहिले, आणि बाटली रिकामी केली. ताईने टॉवेल तयार ठेवला होता. त्याने तिने स्वतःचेच डोळे टिपले.

रजा संपवून फुंकरराव कारखान्यात आले. बर्नर पेटवला, गडद चष्मा चढवला. नळी लाल झाली, फुगत आली, चंबूचे पोट गोल होत आले. तेवढ्यात त्यांना सकाळी निघताना बायको दारात काय म्हणाली ते आठवले. क्षणभरच. तोंड त्यांनी झटकन बाजूला घेतले, वाफ काही पोटात गेली नाही. पण चंबूला जे व्हायचे ते झाले.

संध्याकाळी मावशींनी तो चंबू उजेडासमोर धरला. फिरवला. पुन्हा धरला. त्याच्या गोल पोटावर, बरोबर मध्यावर, गालाला पडते तशी खळी होती. मावशींच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षे राहून गेलेला आनंद पसरला.

"फुंकरराव! तुमच्या मालात खोट! वस्ताद असते ना, तर उपटलाच असता कान."

फुंकररावांनी चंबू त्यांच्या हातातून घेतला, घरी न्यायला गवतात गुंडाळला आणि म्हणाले, "वस्तादांचं लग्न झालं नव्हतं, मावशी."